हकलबेरी फिन : नरकाचा प्रसंग मोठा की माफीचा?

खडूचा_तुकडा (धागाकर्ता)

मुलाला यंदा शाळेत मार्क ट्वेनचं हकलबेरी फिन लागलंय (आम्ही न्यू जर्सीत, तो अकरावीत), त्यामुळे मीपण पंचवीसेक वर्षांनी परत हातात घेतलं. कॉलेजात वाचलं होतं तेव्हाचं डोक्यात एवढंच राहिलं होतं की तराफा, नदी, दोन लफंगे आणि पानोपानी थापा. या वेळी एका जागी असा अडकलो की दोन दिवस पुढेच जाईना, म्हणून हा धागा. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी. मिसूरी राज्य, मिसिसिपीचा काठ, गुलामगिरी कायदेशीर असतानाचा काळ. हक तेरा-चौदा वर्षांचा, बाप दारुडा आणि मारकुटा. जिम हा मिस वॉटसन नावाच्या बाईंचा गुलाम. बाई आपल्याला आठशे डॉलरला खाली न्यू ऑर्लिन्सला विकणार हे त्याच्या कानावर येतं आणि तो पळतो. हकही बापापासून पळालेला. दोघं एका बेटावर भेटतात आणि मग तराफ्यावरून नदीने निघतात.

आता कुणालाही विचारा की या पुस्तकातला सगळ्यात मोठा क्षण कुठला, तर उत्तर येतं ३१वा चॅप्टर. जिम पकडला गेलाय, हकला लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्याचा गुलाम पळवणं म्हणजे चोरी आणि चोराला नरक, म्हणून तो बाईंना जिमचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो. लिहून झाल्यावर त्याला अगदी धुतल्यासारखं स्वच्छ वाटतं. मग जिम आठवायला लागतो, रात्री हकची झोपमोड नको म्हणून स्वतःची पाळी झाल्यावर हकचीपण पाळी करणारा, आणि मग पोरगं ठरवतं की ठीक आहे, जातो नरकात, आणि पत्र फाडतं. जबरदस्त आहे, वाद नाही.

पण मी अडकलो तो १५व्या चॅप्टरला. दाट धुक्यात दोघांची चुकामूक होते, हक होडीत, जिम तराफ्यावर. रात्रभर हाका. शेवटी हकला तराफा सापडतो, जिम थकून झोपलेला असतो, आणि हा काय करतो तर शेजारी आडवा होऊन जांभई देतो आणि जिमला पटवतो की अरे धुकं वगैरे काही नव्हतंच, तुला स्वप्न पडलं. जिम बिचारा त्या स्वप्नाचा अर्थसुद्धा लावत बसतो. मग हक तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवून विचारतो, बरं मग याचा काय अर्थ?

जिम हसत नाही. तो म्हणतो (माझ्या शब्दांत) की तू हरवलास म्हणून माझं काळीज फाटलं होतं, माझं नि तराफ्याचं काय होईल याची पर्वा उरली नव्हती, आणि तू मात्र म्हाताऱ्या जिमला मूर्ख कसं बनवायचं याच विचारात होतास. हा पाचोळा म्हणजे कचरा, आणि जो मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवतो तोपण कचराच. एवढं बोलून तो उठतो आणि तराफ्यावरच्या खोपटात जातो.

आणि हक सांगतो की मनाची तयारी करून त्याच्यापुढे जाऊन नमतं घ्यायला मला पंधरा मिनिटं लागली, पण मी गेलो आणि नंतर कधी त्याचं वाईट वाटलं नाही.

पंधरा मिनिटं. त्या काळच्या मिसूरीतला गोरा पोरगा, स्वतः गावाने ओवाळून टाकलेला, पण तरी त्याच्याखाली कुणीतरी होतं ना, त्याची माफी मागतो. माझं म्हणणं असं की पुस्तकातलं वयात येणं इथे होतं. नरकात जायचं तो एकटा, मनातल्या मनात ठरवतो, बघायला कुणी नाही, त्यात थोडा हिरोपणा पण आहे. माफीला समोर माणूस लागतो, जो नाहीपण म्हणू शकतो. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला बाबा टेस्टला ३१वाच येणार आहे.

तुम्हाला काय वाटतं?


शेवंती_पिवळी

मस्त धागा. पंधरा मिनिटांवरून मी सरळ पुढे गेले होते, कबूल करते.

एक बाळबोध प्रश्न, मला हे कधीच कळलं नाही. पळालेला गुलाम दक्षिणेला का जातोय? तिकडे तर गुलामगिरी आणखी कडक ना? आणि नदीच्या पलीकडे इलिनॉय होतं की, तिथे गुलामगिरी नव्हती, नुसती नदी ओलांडली असती तरी चाललं असतं.


खडूचा_तुकडा

बाळबोध अजिबात नाही. इलिनॉयच्या काठावरपण पळालेल्यांना पकडून इनाम घेणारे होतेच, नुसतं पलीकडे गेलं म्हणजे सुटला असं नव्हतं. त्यांचा बेत होता केरो गावापर्यंत खाली जायचं, तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, तराफा विकून बोटीने ओहायोमधून वर गुलामगिरी नसलेल्या राज्यांत जायचं. आणि केरो चुकतं ते याच धुक्यात. म्हणजे ज्या रात्रीची हकने थट्टा केली त्याच रात्री जिमच्या सुटकेचा रस्ता मागे पडला, दोघांनाही पत्ता नाही. हे लिहितानाच लक्षात आलं.

ट्वेनचंपण इथेच कुठेतरी अडलं होतं असं म्हणतात. १८७६ला लिहायला घेतलं, मग बाजूला टाकलं, पूर्ण केलं १८८३ला.


भुईमूग

धागाकर्त्याशी असहमत. १५वा चॅप्टर सुंदर आहे, पण मग लगेच १६वा का विसरताय? माफी मागून एक दिवस होत नाही तोवर जिम म्हणतो की मी मोकळा झालो की पैसे साठवून बायकोला विकत घेईन, मग दोघं मिळून पोरांना घेऊ, मालक विकत नसेल तर पळवून आणू. आणि आपला हा 'वयात आलेला' हक हादरतो! ज्या माणसाने माझं काही वाकडं केलं नाही त्याची पोरं हा चोरणार? म्हणजे जिमची स्वतःची पोरं बरं का. तो होडी घेऊन जिमला पकडून द्यायला निघतोसुद्धा. जिम मागून ओरडतो की तू माझा सगळ्यात चांगला मित्र, आता एकुलता एक मित्र, तेव्हा कुठे याचे हातपाय गळतात. मग बंदूकवाले दोघं भेटतात, हा देवी आल्याची थाप मारतो, ते घाबरून लांबूनच फळीवर वीस-वीस डॉलरची नाणी ठेवून पळतात.

आणि हकचा निष्कर्ष काय? पकडून दिलं असतं तरी वाईट वाटलं असतं, नाही दिलं तरी वाटतंय, मग यापुढे जे सोपं पडेल ते करायचं. याला मोरॅलिटी म्हणायचं का?

आता एक गंमत. त्या नाण्यांचे झाले चाळीस डॉलर. पुढे त्या दोन लफंग्यांतला स्वतःला राजा म्हणवणारा जिमला विकतो, किती? चाळीस डॉलर. आणि शेवटी हकचा दोस्त टॉम सॉयर जिमच्या हातावर ठेवतो, छान कैदी झालास म्हणून बक्षीस, चाळीस डॉलर. तीनदा. ट्वेनने मुद्दाम केलं की नाही देव जाणे पण एकदा दिसलं की डोळ्यासमोरून जात नाही.


पोस्टातला_मामा

भुईमूग, चाळीसचं भारीच हो!!

पण शेवटाबद्दल कुणीच कसं बोललं नाही. फेल्प्सच्या शेतावरचे (जिमला विकल्यावर जिथे कोंडलंय तिथले) ते चॅप्टर मला तर वाचवत नाहीत. हक एवढा नरकात जायला तयार झालेला, आणि टॉम आल्याबरोबर त्याचा शेपूट होतो. कुलूप साधं, जिमला एका रात्रीत काढता आलं असतं, तर टॉमला पुस्तकातल्यासारखी सुटका पाहिजे म्हणून खोपटात उंदीर सोड, साप सोड, कोळी सोड, शर्टावर रक्ताने लिहायला लाव. आणि हे सगळं करताना टॉमला माहितीये की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात जिमला मोकळं करून गेली!! मोकळ्या माणसाला कोंडून खेळ. हेमिंग्वेने सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून आलं असं लिहिलं तेव्हाच हेपण लिहिलं की जिम पोरांकडून चोरला जातो तिथे वाचायचं थांबवा, पुढची फसवणूक आहे.

मित्र कितीही चांगला असू दे, वर्गातला दादा आला की आपण त्याच्यासारखे वागायला लागतो. हे मात्र शंभर टक्के खरं, शाळेत सगळ्यांनी केलंय.


खडूचा_तुकडा

भुईमूग, तुमचा १६वा मान्य. पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. माफी मागून हकची मतं बदललीच नाहीत, गुलामगिरी चूक आहे असं तो अख्ख्या पुस्तकात एकदाही म्हणत नाही, ३१व्यातपण नाही. तिथेही तो स्वतःला पापीच समजतो. डोक्यात गावाने भरलेलं तसंच्या तसं आहे, फक्त एक माणूस त्यात बसेनासा झालाय. मला तेच खरं वाटतं, माणसं अशीच बदलतात, एका माणसापुरती.


टेकडीवरची

आधी फार न गाजलेलं (भारतात तरी) एक पुस्तक सांगते, जॉन नोल्सचं अ सेपरेट पीस, १९५९चं. न्यू हॅम्पशरमधली मुलांची बोर्डिंग शाळा, १९४२चा उन्हाळा, लांब कुठेतरी महायुद्ध. जीन अभ्यासू, फिनी खेळाडू आणि सगळ्यांचा लाडका. जीनच्या डोक्यात बसतं की फिनी मुद्दाम माझा अभ्यास बुडवतोय. नंतर कळतं तसं काहीच नव्हतं, फिनीच्या मनात स्पर्धा वगैरे नव्हतीच, आणि हे कळणं जास्त झोंबतं. नदीवर झुकलेल्या झाडावर दोघं चढलेले, जीन गुडघे वाकवतो, फांदी हलते, फिनी पडतो. पायाचा चुरा. संपलं खेळणं.

मग जीन त्याच्या घरी जाऊन सांगतो की मी पाडलं तुला. आणि फिनी ऐकूनच घेत नाही! चिडतो, निघून जा म्हणतो. शेवटी खरं मानतो तेव्हा उशीर झालेला असतो, दुसऱ्यांदा जिन्यावरून पडतो आणि हाड बसवताना मज्जा रक्तात जाऊन मरतो.

हकला माफी मागायला पंधरा मिनिटं लागली आणि मिळाली. जीनने मागितली तर घेणारा तयार नव्हता. 'समोर माणूस लागतो' हे धागाकर्त्याचं वाक्य तिथे लागू होतं म्हणून आठवलं.


गवतीचहा

अहाहा टेकडीवरची, किती वर्षांनी कुणीतरी हे पुस्तक काढलं.

हार्पर लीचं टू किल अ मॉकिंगबर्डपण येऊ द्या. त्यातला माझा आवडता मित्र म्हणजे डिल (हार्पर ली आणि ट्रुमन कपोटी हे मन्रोव्हिलला शेजारी होते, डिल त्याच्यावरूनच). कोर्टात सरकारी वकील टॉम रॉबिन्सनशी, म्हणजे त्या काळ्या आरोपीशी, ज्या सुरात बोलतो ते ऐकून डिलला रडू फुटतं आणि स्काउटला (गोष्ट सांगणारी मुलगी) त्याला बाहेर न्यावं लागतं. स्काउट म्हणते अरे उलटतपासणीत असंच बोलतात. तिला नियम माहितीये, त्याला नाही, म्हणून तो रडतो. बाहेर तो बदनाम डॉल्फस रेमंड भेटतो, ज्याच्या कागदी पिशवीत दारू असते असं गाव समजतं आणि निघतो कोकाकोला. तो म्हणतो अजून थोडा मोठा होऊ दे याला, मग नाही रडणार.

वय वाढतं तसं शहाणपण येतं असं आपण धरून चालतो, आणि इथे रेमंड सांगतोय की जे आहे ते जाणार. १९६०च्या पुस्तकात आहे हे, शाळाशाळांत शिकवतात, आणि तरी सगळे ॲटिकसचं (स्काउटचा बाप, टॉमचा वकील) भाषणच लक्षात ठेवतात.


भुईमूग

मॉकिंगबर्डवर माझी तक्रार जुनीच आहे. टॉम रॉबिन्सनला कुणाचा मित्र होऊच दिलेलं नाही. तो सज्जन, तो पीडित, संपला. हक फिनमधला जिम निदान चिडतो तरी. आणि मुलीची गोष्ट सांगतो ती, चार वर्षांची एलिझाबेथ, दार लाव म्हटलं तर नुसती हसत उभी राहिली म्हणून याने थोबाडीत मारली, मग वाऱ्याने दार धाडकन आपटलं तरी ती हलली नाही तेव्हा कळलं की तापात पोरीचे कान गेलेत. बाप म्हणून केलेलं पाप तो एका पोराला रात्री सांगतोय. ती मैत्री.


ह्यूस्टनची_सूनबाई

सगळं खरं पण मुलांच्या वर्गात हे वाचताना काय होतं तेपण बघा. हक फिनमध्ये तो एन-वर्ड, म्हणजे काळ्यांसाठीची ती अपमानकारक शिवी, दोनशेच्या वर वेळा येतो. वर्गात वीस मुलं आणि त्यात एकच काळा मुलगा, आणि एकेकाने उठून मोठ्याने वाचायचं. माझ्या मुलीच्या वर्गात असंच झालं, ती घरी येऊन म्हणाली सगळे त्याच्याकडेच बघत होते. २०११ला एका प्रकाशनाने तो शब्द काढून 'स्लेव्ह' घातला तर त्यावरही गदारोळ. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्याचाच त्रास होतो.

पुस्तकावर बंदीची हौस जुनीच म्हणा, १८८५ला अमेरिकेत आलं आणि महिन्याभरात काँकॉर्डच्या लायब्ररीने काढून टाकलं. तेव्हा कारण वेगळं, भाषा गावंढळ आणि पोरगा वाईट वळणाचा. ट्वेन खूश, म्हणाला आता पंचवीस हजार प्रती जास्त खपतील.

पर्सिव्हल एव्हरेटचं जेम्स वाचलं का कुणी? २०२४चं, पुलित्झर मिळालं २०२५ला. तीच गोष्ट जिमच्या तोंडून. त्यात गुलाम आपापसात स्वच्छ प्रमाण इंग्रजी बोलतात आणि गोरा दिसला की मुद्दाम मोडकं. आई-बाप मुलांना ते मोडकं बोलायची शिकवणी देतात. ते वाचल्यावर मूळ पुस्तकातला जिमचा प्रत्येक 'भोळेपणा' संशयास्पद वाटायला लागतो, स्वप्नाचा अर्थ लावतो तोसुद्धा.


काळाघोडा

अवांतर, पण तेवढं अवांतर नाही.

ट्वेन जानेवारी १८९६ला मुंबईत आला होता, व्याख्यानांच्या जगप्रवासात. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल, ती लोखंडी सांगाड्याची इमारत, आता अवस्था बघवत नाही. त्याने प्रवासवर्णनात लिहिलंय की खोलीत एक आडदांड जर्मन तीन नोकर घेऊन व्यवस्था बघायला आला. बाल्कनीच्या दाराचं काहीतरी काम होतं, एक नोकर गुडघ्यावर बसून ते करत होता. जर्मनाला काहीतरी खटकलं, त्याने काय चुकलं हे सांगायच्या आधी त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. नोकर काही बोलला नाही, चेहऱ्यावर रागही नाही. आणि ट्वेन लिहितो की हे मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, एकदम माझ्या लहानपणात गेलो, गुलामाला काय हवं ते समजावून सांगायची आमच्याकडे हीच पद्धत होती.

मग वडिलांबद्दल लिहितो. सज्जन, कडक शिस्तीचा माणूस, स्वतःच्या पोराला आयुष्यात दोनदाच मारलं, पण लुईस नावाच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकीवरून चापट्या. आणि त्या वेळी मला ते बरोबरच वाटायचं, जन्मापासून तेच पाहिलेलं, पण मार खाणाऱ्याची कीव यायची आणि मारणाऱ्याची लाज वाटायची, असंही लिहितो.

म्हणजे हक फिनच ना हा? त्याच्या आदल्याच वर्षी, १८९५च्या वहीत त्याने या पुस्तकाबद्दल नोंद केलीये की यात धड काळीज आणि वाकडी सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि बुद्धी हरते. ती टक्कर त्याच्या स्वतःच्या घरातली होती, आणि आठवली कुठे तर आपल्या मुंबईत, आपल्याच कुणा माणसाने थोबाडीत खाल्ली तेव्हा. त्या नोकराचं नाव अर्थात कुठेच नाही.


दगडी_पाटी

काळाघोडा, भन्नाट माहिती.

यात एक भर. जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं १८७३ला, म्हणजे हकच्या आधी, आणि अर्पण कुणाला केलं तर अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी गुलामांना मोकळं करण्यात निःस्वार्थ औदार्य दाखवलं. पुण्यातला माणूस अमेरिकेकडे बघून आशा धरतोय आणि ट्वेन मुंबईत येऊन स्वतःचं गाव ओळखतोय. शाळेत दोन्ही धडे वेगवेगळ्या पिरियडला असतात म्हणून आपल्याला कधी शेजारी ठेवता आले नाहीत.


शेवंती_पिवळी

मला आता वेगळाच किडा चावलाय. हे मराठीत आणायचं तर हकने जिमला काय म्हणायचं? जिम बायकापोरांचा बाप्या माणूस आणि हक मिसरूड न फुटलेला. आपल्याकडे एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे करायचं म्हणजे एकतर घरातला नाहीतर गडी. इंग्रजीत यू म्हटलं की झाकून जातं, मराठीत पहिल्या वाक्यातच निवड करावी लागणार. आणि माफी मागतो तिथे? तिथे 'तू'च ठेवायचं की 'जिमदादा' करायचं?


पोस्टातला_मामा

दादा नको, गुळगुळीत होईल. 'तू'च. तू-तू करतच माफी मागितली तरच ती जिव्हारी लागते.


खडूचा_तुकडा

इंग्रजीत एक खूण आहे, उलट्या बाजूने. फेल्प्सच्या खोपटात जिमला दोघं पोरं एकदम दिसतात तेव्हा तो एका दमात 'हक!' म्हणतो आणि दुसऱ्याला 'मिस्टो टॉम'. पुढे टॉमला सतत 'मार्स टॉम', म्हणजे मालक टॉम. हकला तराफ्यावर नावाने, नाहीतर 'हनी', 'चाईल्ड', म्हणजे आपलं बाळा वगैरे. मराठीत 'हक्या' आणि 'टॉमसाहेब' होईल बहुतेक. टॉम कितीही खेळकर असला तरी जिमने तेवढं अंतर ठेवलंय. शेवटी टॉमच्या पायात गोळी अडकते तेव्हा मात्र डॉक्टर आणल्याशिवाय जिम हलत नाही, आणि त्यातच परत पकडला जातो. त्याच साहेबासाठी.


टेकडीवरची

एक विचारू का. सगळे आपण हकच्या पंधरा मिनिटांबद्दल बोलतोय. त्या पंधरा मिनिटांत आत खोपटात जिम काय करत होता?

मी आत्ता तो चॅप्टर परत काढून बघितला. त्याने जे बोलायचं ते एका पळालेल्या गुलामाने गोऱ्या पोराला बोलून टाकलंय. हा पोरगा चिडला आणि पुढच्या गावात उतरून सांगून आला तर सगळं संपलं. बाहेरून काही आवाज नाही. पंधरा मिनिटं. त्याच्याकडून किती असतील ती? पुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नाही, हकला ते सुचतच नाही.


खडूचा_तुकडा

अरे बापरे. मी हा अख्खा धागा काढला आणि मलाही सुचलं नाही.

इथे रात्रीचे साडेअकरा झालेत, पोरगा झोपलाय आणि त्याची प्रत त्याच्या दप्तरात आहे. काढतो हळूच. बाकी उद्या लिहितो.